कायमचा वाढपी

चिंचवड स्टेशनाबाहेर कौशल्याबाईंची खानावळ होती, आणि त्या खानावळीत वाढपी टिकत नाही हे हमालांपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात बाईंचा दोष नव्हता. वाढप्याचं काम हे आयुष्यभर करायचं कामच नव्हे, अशी जगाची समजूत. देशावरून, कोकणातून पोरं यायची. दोन वेळचं जेवण आणि पथारी टाकायला पडवी मिळतेय म्हणून कमरेला फडकं गुंडाळायची, आणि देहूरोडच्या लष्करी डेपोत नाहीतर खडकीला कुठं चिकटली की फडकं खुंटीला टांगून चालू लागायची. एक पठ्ठ्या तर आमटीचं भांडं पंगतीच्या मधोमध ठेवून गेला होता. दारातून कोणीतरी ओरडलं, "अरे, भरती चाललीय!" हा गेला तो गेलाच. पंगतीतल्या लोकांनी आपापल्या हातानं आमटी वाढून घेतली आणि कोणी त्याला नाव ठेवलं नाही, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी हेच केलं होतं.

सन पन्नासच्या उन्हाळ्यात ज्योतीराम तिथं आला. परांड्याकडचा, विशीतला, अंगानं काटकुळा. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्याच्या घरी वाढलेला. कौशल्याबाईंनी विचारलं, "किती दिवस राहणार?"

"चारच दिवस, बाई. डेपोत वळख हाय माझी."

"तुझ्या आधीचा कायमचा राहतो म्हणाला व्हता," बाई म्हणाल्या. "तू निदान खरं तरी बोलतोस. ते फडकं घे."

कौशल्याबाई चिंचवड गावच्याच. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर त्यांनी चूल मोठी केली, एवढंच. त्यांच्या खानावळीचे नियम मोजके, पण दगडावरची रेघ. पंगत बसली की ती उठेपर्यंत वाढप्यानं उंबरा ओलांडायचा नाही. जेवणाऱ्यानं भरल्या ताटावरून उठायचं नाही. भांडण असेल तर हात धुतल्यावर, आणि तेही रस्त्यावर. आणि रोजचा माणूस जेवायला आला नाही तर त्याचं ताट वाढून झाकून ठेवायचं, मग तो येवो न येवो.

वाढणं म्हणजे काय, ताटात टाकणं, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा भुकेल्या माणसांच्या रांगेपुढं भाकरीची टोपली घेऊन उभं राहावं. ज्योतीरामच्या लक्षात पहिल्या दोन दिवसांतच एक गोष्ट आली. "आणखी घेणार का?" असं विचारलं की गरिबाघरचा माणूस हटकून नको म्हणतो, आणि मग अर्धपोटी उठतो. म्हणून त्यानं विचारणंच सोडून दिलं. तोंडाकडं बघायचं नाही, ताटाकडं बघायचं. कोणाचा हात शेवटच्या तुकड्याशी रेंगाळतोय, कोण मीठ शोधतोय, कोण आमटीत बोट बुडवून चाखतोय. भाकरी आपसूक ताटात पडायची आणि खाणाऱ्याला मागावंही लागायचं नाही, नको म्हणायलाही सवड मिळायची नाही. चुलत्याच्या घरी तो अशाच एका माणसाची वाट बघत वाढला होता, जो न विचारता वाढील. तिथं तसा कोणी भेटला नाही. इथं तो स्वतःच झाला.

डेपोतून बोलावणं आलं तेव्हा खानावळीत आषाढाचं तळण चाललं होतं, म्हणून तो म्हणाला पुढच्या महिन्यात जातो. पुढच्या महिन्यात छबूबाई, म्हणजे भाकऱ्या थापणारी बाई, आजारी पडली. असं होत होत तीन वर्षं गेली. शेजारी बरकतचं सायकलचं दुकान होतं. तो पंक्चर काढता काढता ओरडायचा, "काय जोतिराम, चार दिवस झाले का न्हाई अजून?" आणि ज्योतीराम आतून म्हणायचा, "तिसरा चाललाय."

त्रेपन्न साली चुलत्यानं त्याचं लग्न ठरवलं. मुलगी शेजारच्या गावच्या उद्धवरावांची, यशोदा. उद्धवरावांची शेती बेताची, पण मिशी भरघोस आणि शब्द पक्का. बायको गेल्यावर लेकीला त्यांनी एकट्यानं वाढवलेलं. बैठकीत त्यांनी विचारलं, "जावई करतात काय?"

"सध्या खानावळीत हाय," चुलता म्हणाला. "चार दिवसांचं काम. डेपोत लागल आता."

"मग असं करू," उद्धवराव म्हणाले. "लगीन लावून देतो. पन लेक धाडीन ती नोकरी कायम झाल्यावर. दुसऱ्याच्या पडवीत माझी लेक ऱ्हाणार न्हाई."

सगळ्यांना ते रास्त वाटलं. ज्योतीरामलाही वाटलं. आणि त्या एका शब्दापायी नवरा चिंचवडला, बायको परांड्याकडं, असा चार वर्षांचा संसार झाला.

दिवाळीला आणि गावच्या जत्रेला तो सासरी जायचा. पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणपोळी, आणि तिसऱ्या घासाला उद्धवरावांचा प्रश्न, "मग, झालात का कायम?" तो ताटात बघून म्हणायचा, "यंदा हुईल." जगाला न विचारता वाढणारा हा माणूस स्वतः मात्र जेवता जेवता असा प्रश्नांनी हैराण व्हायचा. सासऱ्याच्या तोंडाकडं बघायची छाती नसल्यामुळं तो त्यांच्या ताटाकडं बघायचा. उद्धवरावांचे दात एका बाजूचे गेले होते. ते भाकरीचा कडक पदर बाजूला सारायचे आणि यशोदा आडवी बसून भाकरी गरम कालवणात कुस्करून त्यांच्यापुढं सरकवायची. बाहेरच्या कोणाला ते दिसू नये अशी ती बापलेकीची रीत होती.

निघताना यशोदा वेशीपर्यंत पोचवायला यायची. ती काही मुळूमुळू रडणारी नव्हती. एका दिवाळीला तिनं सरळच विचारलं, "तुमाला तिथं बरं वाटतं का? वाढायला?"

ज्योतीराम गडबडला. हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. "व्हय," तो म्हणाला. "लई बरं वाटतं."

"मग आबास्नी सांगा की तसं. कायम व्हायची वाट आबा बगत्यात. मी न्हाई बगत."

पण आबांना सांगायची ताकद त्याच्यात नव्हती. गाडीत बसल्यावर त्याला सगळी वाक्यं सुचायची, आणि कुर्डूवाडी मागं पडली की तीही विरून जायची.

तोवर पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला होता. माळावर जिथं कुत्रं फिरकत नव्हतं तिथं शिट्टी वाजायला लागली. कौशल्याबाईंच्या पंगती वाढल्या, आणि पंगतीतली माणसं एकेक करून आत शिरली. त्यातला एक भिमाजी, ज्योतीरामचा जिवाभावाचा. त्यानं साहेबाला गाठून ज्योतीरामसाठी शब्द टाकला. "भावा, बाटल्या धुवायच्या खात्यात जागा हाय," तो म्हणाला. "सहा महिन्यांत कायम. आता पाय मागं घेतलास तर माझ्याशी बोलू नगंस."

कौशल्याबाईंनी स्वतः त्याच्या कमरेचं फडकं सोडवून घेतलं. "जा बाबा. बायकोला किती दिवस माहेरी सडवशील?"

ज्योतीराम गेला. जाताना त्यानं उद्धवरावांना कार्ड टाकलं, की कारखान्यात लागलो, सहा महिन्यांत कायम. कारखान्यात वाईट असं काही नव्हतं, हे सांगायला हवं. पांढरे स्वच्छ कपडे, वेळेवर सुट्टी, वरचे लोकही अदबीनं बोलायचे. बाटल्या चकचकीत धुवायच्या, एवढंच काम. पण दुपारची शिट्टी झाली, माणसं जेवायला बसली, की याला बसवत नसे. तिथं खिडकीतून ताट घ्यायचं, टेबलावर जायचं आणि खायचं. कोणी कोणाला वाढत नव्हतं. समोरचा माणूस भाताचं शेवटचं शीत टिपत बसलेला दिसायचा आणि ज्योतीरामचा हात तिथं नसलेल्या टोपलीकडं जायचा. एकदा तर तो उठला आणि आपल्या ताटातली पोळी शेजारच्याला वाढून आला. शेजारचा घाबरला, त्याला वाटलं, या माणसाला आपल्याकडनं काहीतरी काम करून घ्यायचंय.

महिना भरायच्या आत एका सकाळी तो खानावळीच्या दारात उभा. कौशल्याबाई डाळ निवडत होत्या.

"काय रे, काय विसरलं?"

"फडकं," तो म्हणाला, आणि त्यानं ते खुंटीवरून काढून कमरेला गुंडाळलं. बाईंनी तोंड फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांना ते डाळीच्या भुश्शावर ढकलायचं होतं.

भिमाजी आठवडाभर जेवायला आला नाही. त्याचं ताट रोज झाकून ठेवलेलं असायचं. शेवटी आला, झाकण काढलं, जेवला, आणि हात धुतल्यावर रस्त्यावर जाऊन ज्योतीरामला मनसोक्त शिव्या दिल्या. मग दोघांचं पूर्वीसारखं झालं.

पण उद्धवरावांना दुसरं कार्ड काही गेलं नाही. इथं मात्र ज्योतीरामचं चुकलं. आज लिहू, उद्या लिहू, असं तो करत राहिला. आणि तिकडं परांड्याकडं पहिलं कार्ड गावभर फिरत होतं. म्हाताऱ्यानं ते चावडीवर दोनदा वाचून घेतलं. लेक पाठवायच्या आधी जावयाचं बिऱ्हाड एकदा डोळ्यांखालून घालावं म्हणून, कोणाला न कळवता, त्यांनी कुर्डूवाडीला गाडी धरली.

ते चिंचवडला उतरले तेव्हा दुपार टळत आली होती. पोटात कावळे ओरडत होते. जावयाच्या बिऱ्हाडी जेवायचा प्रश्नच नव्हता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नच काय, पाणीही बापानं घ्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत, आणि उद्धवराव रीतीला पक्के. तेव्हा आधी कुठंतरी विकतचं जेवावं आणि मग पिंपरीला जाऊन कारखान्याच्या दारात जावयाला गाठावं, असा त्यांनी विचार केला. समोर खानावळ दिसली. शेवटची पंगत बसत होती. ते कोपऱ्यातल्या पाटावर बसले आणि खाली मान घालून जेवायला लागले.

ज्योतीराम टोपली घेऊन रांगेतून येत होता, नेहमीसारखा ताटांकडं बघत. कोपऱ्यातल्या ताटाशी त्याचे पाय थबकले. भाकरीचा कडक पदर ताटाच्या कडेला सारून ठेवला होता आणि मधला मऊ भागच तेवढा तोडलेला होता. त्यानं मान वर केली.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. उद्धवरावांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी जावयाच्या कमरेचं फडकं बघितलं, हातातली टोपली बघितली, आणि चार वर्षांचं गणित त्यांच्या डोक्यात एकदम उलगडलं. ते उठायला गेले. पण भरल्या ताटावरून उठायचं नाही हा नियम कौशल्याबाईंचा होता तसाच त्यांच्या आईचाही होता. ज्योतीरामलाही पळता येईना. पंगत बसली होती, उंबरा बंद. एक जण उठू शकत नाही, दुसरा जाऊ शकत नाही, आणि मधे आमटी गार होतेय.

"हे घर कुनाचं?" उद्धवरावांनी दबक्या आवाजात विचारलं. लेकीच्या घरचं अन्न तर पोटात गेलं नाही ना, ही त्यांची पहिली धास्ती.

"घर न्हाई आबा. खानावळ हाय, बाईंची. मी नोकर हितला."

"मंग जेवतो," उद्धवराव म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

ज्योतीराम आत गेला. छबूबाईकडून एक पातळ, मऊ भाकरी करवून घेतली, गरम आमटीत कुस्करली आणि वाटी आणून सासऱ्यापुढं ठेवली. शेजारच्याला दिसू नये म्हणून तो स्वतः आडवा उभा राहिला, जशी यशोदा बसायची.

उद्धवराव वाटीकडं बघत राहिले. "हे कुनी सांगितलं तुमास्नी?"

"कुनी न्हाई. चार दिवाळ्या बगतोय."

त्यांनी वाटी संपवली. हात धुतले. बाईंपुढं जेवणाचे पैसे ठणकावून ठेवले, सगळ्यांना ऐकू जाईल असे, आणि बाहेर जाऊन बरकतच्या बाकावर संध्याकाळच्या गाडीची वाट बघत बसले. बरकतनं ओळख विचारली आणि कळल्यावर पान्हा खाली ठेवला.

"तुमी सासरे व्हय? मंग आमचंबी ऐका," तो म्हणाला. "गाडीतनं उतरणारा माणूस आता बाईंचं नाव घेत न्हाई, जोतिरामची खानावळ कुठं म्हून विचारतो. बाई कुरकुरत्यात, पन पत्ता बरोबर सांगत्यात."

 कामावरून सुटलेली माणसं खानावळीत शिरत होती, ती उद्धवराव बघत बसले. उन्हं कलली तसा ज्योतीराम बाहेर आला आणि बाकाच्या टोकाला टेकला. आज पळून चालणार नव्हतं.

"आबा, कार्ड टाकलं तवा लागलो व्हतो. मागनं सोडलं. कळवायला पायजे व्हतं. तेवढं माझं चुकलं."

"सोडलं कशापायी? मारत व्हते का?"

"न्हाई. लई बरी माणसं. पन सगळी जेवाय बसली की मला बसवंना." तो थांबला, आणि गाडीत नेहमी सुचणारं वाक्य आज पहिल्यांदा आबांच्या तोंडावर बोलला. "आबा, मी कायम हुणार म्हून सांगत आलो, ते सोडा. हे चार दिवसांचं काम न्हाई. मी हितंच ऱ्हाणार, वाढपीच ऱ्हाणार. यशोदाला पाठवायची का न्हाई ते तुमी ठरवा. पन आता खोट्या आशेवर नगं."

बोलला खरा. नाही म्हणाले तर बायको गेली, हे त्याला कळत होतं.

उद्धवरावांनी मिशीवरून हात फिरवला. 

"खरं सांगू?" ते म्हणाले. "तुमी कायम हुईना, ह्याचं मला वाईट वाटायचं. आन बरंबी वाटायचं. दर दिवाळीला तुमी 'यंदा हुईल' म्हणाला की माझा जीव भांड्यात पडायचा. ती गेल्यावर घरात कोन हाय मला? चार वरसं म्यां तुमच्या नोकरीवर ढकलली."

गाडी आली. म्हातारा चढला. लेकीला पाठवतो असं म्हणाला नाही, पाठवत नाही असंही म्हणाला नाही. आणि ज्योतीरामला आता 'पाठवा' असं म्हणवेना. ज्याला भाकरी कुस्करून लागते त्याच्या हातातली वाटी काढून घ्यायची कशी?

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ज्योतीरामनं आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला दोनदा मीठ वाढलं. कौशल्याबाईंनी मागची लाकडं ठेवायची खोली रिकामी करवून घेतली, जमीन सारवून घेतली आणि म्हणाल्या, "लाकडं भिजत्यात तिथं." लाकडं तिथं कधीच भिजत नव्हती.

संक्रांत होऊन थोडे दिवस झाले असतील. दुपारची पंगत नुकतीच बसली होती. बरकत बाहेरून ओरडला, "जोतिराम, बघ रे कोन आलंय!" ज्योतीरामला उंबरा ओलांडता येत नव्हता, म्हणून तो टोपली घेऊन उंबऱ्याच्या आत उभा राहिला. रस्त्यावरून उद्धवराव येत होते, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. मागं यशोदा, हातात गाठोडं, आणि नजर सरळ दारावर.

कौशल्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला आत घेतलं. उद्धवरावांनी ट्रंक मागच्या खोलीत नेऊन ठेवली, चार भिंती बघितल्या, आढं बघितलं आणि मान हलवली.

"आबा," ज्योतीराम हळूच म्हणाला, "आन तुमची भाकरी?"

"मला हात हाईत की कुस्करायला," म्हातारा म्हणाला. "म्यां लई दिवस ते इसरलो व्हतो."

ज्योतीरामनं कोपऱ्यातला तोच पाट मांडला. ताटात मीठ वाढलं, वाटीत भाकरी कुस्करली, वरून वाफाळती आमटी घातली. "बसा आबा. गाडीत काय खाल्लं नसंल."

उद्धवराव पाटाकडं बघत उभे राहिले. भूक तोंडावर दिसत होती. पण ते बसले नाहीत. त्यांनी जोडा घातला आणि बरकतच्या बाकावर जाऊन कमरेची शिदोरी सोडली. बरकतच्या माठातलं पाणी घेतलं, त्यात शिळी भाकरी बुडवली आणि उरलेल्या दातांनी चावायला लागले.

कौशल्याबाई दारात आल्या. त्यांना ते लागलं होतं. "अहो पावनं, हे काय? मागल्या वक्ताला तर जेवलासा की हितं!"

"तवा ही खानावळ व्हती, बाई," उद्धवराव घास गिळून म्हणाले. "आता लेकीच्या घरी कसा जेवू? नातू हूं द्या. मंग बसंन."

पंगतीत सगळे हात थांबले. आत यशोदानं पदर तोंडाला लावला. ज्योतीराम वाटी हातात घेऊन उभा होता, आणि त्याला दारापलीकडचं काही नीट दिसत नव्हतं. मग त्यानं ती वाटी ताटात ठेवली, ताट कोपऱ्यात नेलं आणि त्यावर दुसरं ताट झाकलं.

"आमटी," भिमाजी म्हणाला. ज्योतीरामकडून कोणाला काही मागून घ्यावं लागलं, असं त्या खानावळीत त्या दिवशी पहिल्यांदा झालं.